मधल्या स्विचवर गेलेले तीन आठवडे

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप निवडायचा स्विच वर केला, मस्त. खाली केला, मस्त. मध्ये ठेवला आणि गिटार नाक चिमटीत धरून बोलायला लागली. खालचे सूर गायब, आवाज निम्मा, जाड तारासुद्धा पत्र्यासारख्या वाजायला लागल्या. नवे हंबकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप, म्हणजे तारांचा थरथराट विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) बसवून जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

आधीचे पिकअप वाईट नव्हते, पण फार तापट होते. ब्रिजचा, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, तर चौदा किलो-ओहम रेझिस्टन्सचा, सिरॅमिक चुंबकाचा. डिस्टॉर्शनवर तो छान गुरगुरायचा, पण व्हॉल्यूम जरा कमी केला की सगळं गोधडीखालून ऐकू यायचं. मला हवा होता पन्नाशीच्या दशकातल्या पीएएफसारखा मोकळा आवाज. हे नाव पडलं पिकअपच्या खाली चिकटवलेल्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ या स्टिकरवरून. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अर्ज केला, पेटंट १९५९ मध्ये मिळालं, तरी ‘अर्ज केला आहे’ सांगणारं स्टिकर १९६२ पर्यंत लागत राहिलं. पुढे स्टिकरवर पेटंटचा नंबर आला, तोही हंबकरचा नाही, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारांची टोकं अडकवायच्या भागाचा! कागदपत्रांचा घोळ या पिकअपच्या जन्मापासूनच आहे म्हणायचा.

निवड करताना मी रेझिस्टन्सच्या आकड्यांचा तक्ता केला होता. आता बघून हसू येतं. मूळ पीएएफच सात ते नऊ किलो-ओहमच्या मध्ये कुठेही सापडतात, कारण आतली तांब्याची तार गुंडाळताना वेढे काटेकोर मोजले जात नव्हते, आणि अलनिको (चुंबकाचा मिश्रधातू) हाही २ पासून ५ पर्यंत हाताला लागेल तो पडायचा. शिवाय तार ४२ गेजऐवजी ४३ची, म्हणजे आणखी बारीक असेल, तर तेवढ्याच वेढ्यांना आकडा जास्त येतो. खोली दहा अंशांनी तापली तरी ८.०चे ८.३ होतात. एवढ्याशा फरकावर मी चार रात्री घालवल्या. शेवटी नेकला, म्हणजे दांड्याच्या बाजूला, एका कंपनीचा अलनिको २, ब्रिजला दुसऱ्या कंपनीचा अलनिको ५. दोन्ही जुन्या पद्धतीच्या वायरचे, म्हणजे आत एकच वायर आणि बाहेरून धातूची जाळी. चार वायरवाले मिळत होते, पण ‘जुन्यात तसं नसायचं’ म्हणून मी नाक मुरडलं. हा शहाणपणा पुढे चांगलाच महागात पडला.

बसवण्यात काही अडलं नाही. (जुन्या धर्तीच्या पिकअपचे पाय लांब असतात, तेवढी खोली गिटारच्या खाचेत आहे का ते आधी मोजा.)

तर मधली पोझिशन, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र. तारेच्या एकाच हेलकाव्यावर एक पिकअप सिग्नल वर ढकलतो आणि दुसरा खाली ओढतो, म्हणजे फेज उलटी. दोघे एकत्र आले की एकमेकांना खातात, आणि सगळ्यात जास्त खाल्ले जातात खालचे सूर. एकेकटे वाजवले तर काही कळत नाही. तार कोणत्या दिशेने गुंडाळली, तिचं कोणतं टोक जाळीला जोडलं आणि आतलं चुंबक कोणत्या तोंडाने ठेवलं, यावर ते ठरतं. प्रत्येक कंपनी आपापल्या सवयीने करते.

ब्रिजवाल्यांना लिहिलं. नवव्या दिवशी उत्तर: ‘वायरिंग तपासून पाहा.’ मी वायरिंगचे फोटो पाठवले. पुन्हा पाच दिवसांनी: ‘आमचा पिकअप बरोबर आहे, दुसरा उलटा असणार.’ नेकवाल्यांनी हेच वाक्य दुसऱ्याच दिवशी पाठवलं, एवढाच काय तो फरक! राग येण्याचं कारण हे, की दोघंही खोटं बोलत नव्हते. एकट्या पिकअपला सुलटं-उलटं नसतंच, ते दुसऱ्याच्या तुलनेत ठरतं. पण ‘दोन कंपन्यांचे एकत्र लावणार असाल तर आधी विचारा’ ही ओळ दोघांच्याही डब्यावर नव्हती.

वाट बघून कंटाळले आणि ब्रिजच्या दोन वायरींची अदलाबदल केली. हे करू नका. जाळी पिकअपच्या तळपट्टीला आणि कव्हरला जोडलेली असते. अदलाबदल केली की तेच कव्हर सिग्नलची वायर होतं. कव्हरला बोट लागलं की घरर्र, आणि जाळी पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या) ग्राउंड केलेल्या पाठीला टेकली की पूर्ण शांतता. चार वायरवाला असता तर दोन सांधे बदलून काम पाच मिनिटांत झालं असतं.

उरला चुंबक उलटवण्याचा मार्ग. नेकचा पिकअप काढला, कव्हरचे दोन्ही बाजूंचे सोल्डर कापले, तळाचे चार स्क्रू सैल केले आणि आईस्क्रीमच्या काडीने चुंबकाची पट्टी बाहेर ढकलली. आतली तार ०.०६ मिलीमीटरची, केसासारखी, म्हणून श्वास रोखून. पट्टी उलटवली, परत बसवली, जोडलं, वाजवलं. नाक तसंच चिमटीत.

पट्टीचे ध्रुव तिच्या दोन लांब कडांवर असतात, टोकांवर नाही. मी ती टोकावरून कोलांटी मारल्यासारखी उलटवली होती. त्यात पट्टीची खालची बाजू वर येते, पण कडा जागच्या जागी राहतात. उलटवायची ती लांबीच्या अक्षावर, भाजीची शेंग तव्यावर कुशीवर वळवावी तशी. आता आधी एका कडेवर मार्करने रेघ मारली आणि रेघ स्क्रूच्या बाजूकडून दुसरीकडे गेली याची खात्री केली. दुसऱ्यांदा जोडलं आणि मध्ये स्विच ठेवून एक साधा ई मेजर वाजवला. भरलेला, गोल आवाज! मी तो कॉर्ड अर्धा तास वाजवत बसले.

ही तपासणी गिटार न उघडताही होते, हे मला नंतर कळलं. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर ओहमवर. पिकअपच्या स्क्रूंवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते दोन्ही पिकअपना सारखं यायला हवं. काटेवालं मीटर असेल तर लगेच दिसतं.

फ्लीटवुड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या १९५९च्या ‘लेस पॉल’ गिटारमधला तो प्रसिद्ध नाकातला आवाज नेकच्या उलट्या चुंबकाचाच. लोक मुद्दाम तसं करून घेतात. घेऊ देत.

कव्हर परत सोल्डर करताना माझ्या पंचवीस वॅटच्या आयर्नने दगा दिला, कव्हर सगळी उष्णता पिऊन टाकतं. साठ वॅटचं उसनं आणलं तेव्हा कुठे टाका बसला, तोही जिलबीसारखा. सैल ठेवून चालत नाही, कारण या पिकअपमध्ये मेण भरलेलं नसतं आणि मोठ्या आवाजावर ढिलं कव्हर शिट्टी मारतं.

कंट्रोलच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: नेकचं मॅग्नेट उलटवलेलं आहे, पिकअप बदलताना लक्षात ठेवणे.