गच्चीवरचा गॅस, दहावा महिना: तेलाच्या बाटलीने काढलेला हिशेब

मार्चच्या नोंदीतली शेवटची ओळ मागे घेते. ‘आमचा प्लांट रोज पाव किलो कार्बन डायऑक्साइड वाचवतो’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. तो हिशेब अर्धाच होता, आणि राहिलेला अर्धा चांगलाच लाजिरवाणा निघाला.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. साताऱ्यात आमच्या गच्चीवर गणपती गेल्यानंतर हा बायोगॅस प्लांट बसवला. पाण्याच्या दोन काळ्या टाक्या, दोन्ही भंगारातून आणलेल्या. हजार लिटरची खाली, तिचा वरचा भाग कापून काढलेला. तिच्यात लहान टाकी पालथी, म्हणजे गॅसचा ड्रम; गॅस साठेल तसा तो वर चढतो. कल्पना जुनीच आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली असा घरगुती प्लांट लोकांपर्यंत नेला, आणि त्यासाठी २००६ साली संस्थेला अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. शेणापेक्षा पिठूळ, गोड खाणं घातलं तर थोड्या मालात आणि थोड्या दिवसांत गॅस मिळतो, हा त्यातला मुद्दा. गायी-म्हशींच्या पोटातून शेणात आलेले जिवाणू फक्त विरजणापुरते लागतात. मी गवळ्याकडून सहा बादल्या शेण आणलं होतं, तेवढ्यावर काम झालं. आता रोज दीड किलो ओला कचरा (शिळा भात, भाकरीचे तुकडे, भाजीची देठं) आणि गिरणीवाल्या काकांकडचं तीनशे ग्रॅम सांडीचं पीठ. लिंबाची सालं आणि अंड्याची टरफलं घालत नाही.

दिवाळीतला घोटाळा जुन्या वाचकांना आठवत असेल. खवट झालेल्या चकल्या-शंकरपाळ्यांचा अख्खा डबा एकाच दिवशी ओतला आणि प्लांट आंबला. पीएचची पट्टी साडेपाच-सहा दाखवायला लागली, ज्योत पिवळी पडून विझली, आणि शेजारच्या काकूंनी दोन दिवस गच्चीकडची खिडकी बंद ठेवली. बारा दिवस उपास, थोडी चुन्याची निवळी, दोन बादल्या ताजं शेण, मग गाडी रुळावर आली. जानेवारीत पहाटेच्या थंडीने ड्रम निम्म्यावर आला. त्यावर मी काही केलं नाही, फेब्रुवारीने केलं.

आता मुद्द्याचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, रात्री गच्चीवर झोपले होते ना, ते तुझं टाकं सारखं बुडबुडत होतं. वरण उतू जातंय असं वाटलं मला.”

“आई, जिवंत आहे म्हणून बुडबुडतं. चांगलंच आहे की.”

“पण आवाज डब्याच्या आतून नव्हता. कडेने येत होता.”

वर जाऊन वाकून पाहिलं. बाहेरची टाकी आणि आतला ड्रम यांच्यामध्ये चारी बाजूंनी पाच सेंटीमीटरची फट आहे, तिच्यात स्लरी, म्हणजे कुजणाऱ्या कचऱ्याचा पातळ काला, उघडी असते. सहा-सात महिने मी रोज ड्रमची उंची मोजली आणि या फटीकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. करड्या सायीतून बारीक बुडबुडे येत होते, एक इथे, एक तिथे, मग एकदम पाच-सहा. साय फुगायची, फुटायची, पुन्हा धरायची. तिथून गॅस सरळ आभाळात जात होता.

मग कागद-पेन्सिल. बाहेरच्या टाकीचा व्यास ११० सेंटीमीटर, ड्रमचा १००. वरून पाहिलं तर फटीचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या १७ टक्के भरतं. तळात गॅस सगळीकडे सारखा सुटत असेल, तर सतरा टक्के माझ्या हाती लागतच नव्हता. टाक्या स्वस्तात मिळाल्या म्हणून मापं न जुळवता घेतल्या, हा सर्वस्वी माझा शहाणपणा.

कागदावरच्या गणितावर भरवसा नव्हता, म्हणून खाद्यतेलाची अर्ध्या लिटरची चपटी बाटली घेतली. बूड कापलं, झाकण घट्ट लावलं, पाण्याने भरून फटीत अशी उभी केली की कापलेलं तोंड स्लरीत बुडलेलं राहील. वर येणारा बुडबुडा बाटलीत अडकतो आणि पाणी खाली जातं. सकाळी नऊला लावली, संध्याकाळी पाचला रिकामी, म्हणजे गॅसने भरलेली. बाटलीने फटीची आठ सेंटीमीटर लांबी झाकली जाते, फटीचा पूर्ण घेर सुमारे ३३० सेंटीमीटर. आठ तासांत अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला दीड लिटर, गुणिले ४१. साधारण ६१ लिटर रोज. ड्रम तेव्हा दिवसाला सरासरी ३८ सेंटीमीटर चढायचा, म्हणजे ३०० लिटरच्या आत-बाहेर. पुन्हा १७ टक्केच. गणित आणि बाटली इतकी जुळली की दोनदा बेरीज तपासली.

बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, जळतो तो हाच. म्हणजे ६१ लिटरांत पस्तीसेक लिटर, वजनाने २३ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पेढ्याएवढं वजन. पण मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो (आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालातला जैविक मिथेनचा आकडा), वीस वर्षांच्या हिशेबात तर ऐंशीच्या घरात जातो. २७ ने गुणलं तरी रोजचे ६२० ग्रॅम.

दुसऱ्या पारड्यात काय? प्लांटच्या आधी १४.२ किलोचं सिलिंडर ३८ दिवस पुरायचं, मार्चमध्ये संपलेलं ५० दिवस गेलं. रोज ९० ग्रॅम एलपीजी वाचला. एक किलो एलपीजी जळला की तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वाचले २७० ग्रॅम. वाचवत होते २७०, सोडत होते ६२०. प्लांट बसवलाच नसता तर हवा जास्त बरी राहिली असती.

इथे काहीजण म्हणतील की तोच कचरा डेपोवर गेला असता तर तिथेही मिथेन झालाच असता. बरोबर आहे. देवनारला २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा कित्येक दिवस मुंबईने तो धूर गिळला, आणि असे ढीग पेटतात त्यात आत साठलेल्या मिथेनचाही हात असतो. पण माझा कचरा डेपोवर जातच नव्हता. प्लांटच्या आधी तो गच्चीतल्या कंपोस्टच्या कुंड्यांत जिरत होता, आणि उलथापालथ करून हवा खेळती ठेवलेल्या कुंडीत मिथेन जेमतेम होतो. ते पुण्य मला माझ्या खात्यावर लिहिता येत नाही. ज्यांच्याकडचा ओला कचरा घंटागाडीत जातो, त्यांचा हिशेब वेगळा, त्यांनी तो आपापला मांडावा.

दोन दिवस मन उतरलं होतं. मग खादी ग्रामोद्योगच्या जुन्या तरंगत्या टाकीच्या गोबरगॅसचा आराखडा पाहिला. विहिरीच्या भिंतीला आतून एक काठ काढलेला असतो. वर येणारे बुडबुडे त्याला अडून आत, ड्रमखाली वळतात. दुखणं जुनं आहे, औषधही जुनंच.

प्लास्टिकच्या टाकीला आतून काठ कसा करायचा? उत्तर गच्चीच्या कोपऱ्यात पडलं होतं. मोठ्या टाकीचा कापून काढलेला वरचा भाग, ज्यात मी ओवा लावायचा म्हणत होते. त्याचा खांदा आपोआपच आतल्या बाजूला चढत जातो. कडा घासून व्यास सेंटीमीटरभर कमी केला, मधलं भोक हॅक्सॉ ब्लेडने ८५ सेंटीमीटरचं केलं, उतरतं कडं तयार. हे प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, म्हणून खाली सहा ठिकाणी उभ्या दोन-दोन विटा नायलॉन दोरीने बांधल्या. त्याच पाय, तेच वजन.

१८ एप्रिलला गॅस पूर्ण जाळून संपवला, जवळपास विडी-काडी नाही याची खात्री केली, आणि नवरा आणि मी दोघांनी मिळून ड्रम उचलला. वासाबद्दल लिहीत नाही. कडं तिरकं करून आत सोडलं, काठीने आडवं केलं, ड्रम परत ठेवला. दीड तासाचं काम, नंतरची आंघोळ धरून तीन तास.

२० एप्रिल ते मेअखेर ड्रमची रोजची सरासरी ४४ सेंटीमीटर, म्हणजे ३४५ लिटर. खाणं तेवढंच. स्लरीचं तापमान एप्रिलमध्ये ३० अंश होतं, मेमध्ये ३१, त्यामुळे एखाद-दुसरा सेंटीमीटर उन्हाच्या नावावर टाका. तेलाची बाटली पुन्हा लावली, ती भरायला दोन दिवस लागले. फटीतून आता रोज दहा लिटर जातो, मिथेनच्या हिशेबाने शंभरेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढा. २० एप्रिलला लावलेलं सिलिंडर १२ जूनला संपलं, ५३ दिवस, म्हणजे रोज ३२० ग्रॅमची बचत. वजाबाकी करून हाती राहतात दोनशेच्या वर. वर्षाचे पंचाहत्तर-ऐंशी किलो, बत्तीसेक लिटर पेट्रोल न जाळल्याएवढे. दहा महिने गच्चीवर घाम गाळून एवढंच. पण आता आकडा बेरजेच्या बाजूला आहे. वीस वर्षांचा गुणक लावला तर मात्र जेमतेम काठावर.

कड्याचा एक तोटा लिहून ठेवते. ड्रम आता तळापर्यंत बसत नाही, कड्यावर टेकतो, त्यामुळे शेवटचे तीसेक सेंटीमीटर गॅस दाबाविना अडकून राहतो. वरचा प्रवासही चाळीसच सेंटीमीटरचा उरला. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जाळला नाही तर ड्रमच्या काठाखालून गॅस बाहेर फुटतो. गावाला जायचं असेल तर तीन दिवस आधीपासून खाणं बंद. मे महिन्यात लग्नाला कोल्हापूरला गेलो तेव्हा सासूबाईंना घरी राहायचं होतं. त्यांनी त्या गॅसवर चार दिवस पाणी तापवलं, आणि “उगाच उतू जायला नको” म्हणून दुपारी एकदा डाळही शिजवली.

ज्यांचे दोन टाक्यांचे प्लांट आहेत त्यांनी आपली फट मोजून पाहावी. चपटी बाटली, घड्याळ आणि एक मोकळा दिवस पुरतो. आकडे टाकलेत तर मी एका तक्त्यात मांडेन, किती रुंद फटीला किती गळती ते आपल्या सगळ्यांनाच कळेल. स्लरी जिथून बादलीत उतरते त्या तोंडाशी मी अजून मोजलेलं नाही. तिथेही साय धरते आहे. काल संध्याकाळी दुसरी बाटली तिथे लावली. आत्ता पाऊस सुरू झालाय, आणि ती एक-चतुर्थांश भरली आहे.