आमचा माणूस पुढे आहे

काल लेकीला घेऊन वॉटर पार्कला गेले. मे महिना, त्यात रविवार, म्हणजे चूक माझीच. स्लाइडच्या जिन्यावर पाऊण तास उभ्या होतो, दोघींच्या मध्ये ती जडशीळ पिवळी ट्यूब. इतक्यात एकसारखे टी-शर्ट घातलेला पंधरा-वीस जणांचा घोळका "आमचा माणूस पुढे आहे" म्हणत घुसला. माणूस एक, शेपूट वीस जणांचं!

वर तर कहरच. आधीचा खालच्या पाण्यातून बाजूला झाल्याशिवाय पुढच्याला सोडत नाहीत, नाहीतर डोक्यावर लाथ बसते. यांना चौघांची साखळी करून जायचं होतं. लाइफगार्ड विशीतलं पोरगं. शिट्टी वाजवून दमला बिचारा, "दादा, एकेक जण" एवढंच म्हणत होता. त्यावर उत्तर, "पैसे भरलेत आम्ही."

"मग आम्ही काय फुकट आलोय?" मी बोलले. आवाज कापत होता, पण बोलले. तेवढ्यात मागून गुडघा धरून चढणाऱ्या एक काकू कडाडल्या, "ए, व्हा रे मागे!" एकजण ओशाळून चार पायऱ्या उतरला. बाकीचे ढिम्म.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, आपला माणूस का नव्हता पुढे?"