सीप्झमधलं देऊळ

सीप्झमध्ये, म्हणजे मुंबईत अंधेरीच्या निर्यात उद्योगांच्या वसाहतीत, कामाला लागलो त्या वर्षी मी तिथल्या जुन्या दगडी भिंतींना पडका किल्लाच समजत होतो. सकाळी गेटवर पास दाखवायचा, युनिट गाठायचं, दिवसभर भिंगाखाली हिरे बसवायचे आणि संध्याकाळी डोंबिवलीची गाडी पकडायची. झाडीतून एक काळपट बुरूज दिसायचा. त्याच्याकडे नीट बघायला सवड कोणाला?

पॅकिंगमध्ये मरोळ गावठाणातल्या एक आंटी आहेत, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांपैकी. जेवताना एकदा मी सहज म्हणालो, "तो किल्ला कधीचा हो?" त्यांनी डबा बाजूला ठेवला. "किल्ला? अरे, ते आमचं देऊळ!"

हे संत योहान बाप्तिस्ताचं चर्च. जेझुइट पंथाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी ते 1579 मध्ये बांधलं. तेव्हा इथे कोंडिवटे गाव होतं. हे गाव ज्या साष्टी बेटावर, ते बेट 1534 च्या तहात पोर्तुगीजांकडे गेलेलं. शेती करणारे इथलेच लोक ख्रिस्ती झाले, पण बोली मराठीच राहिली. म्हणून चर्चला 'देऊळ'. (ईस्ट इंडियन हे नाव फार नंतरचं, 1887 चं. ते इंग्रजी नाव ऐकून मला इतकी वर्षं वाटायचं की ही मंडळी बाहेरून आलेली. उलट, बाहेरून आलेला मीच.)

पुढे 1737 ला साष्टी मराठ्यांनी घेतली, 1774 ला इंग्रजांनी. देऊळ त्यातूनही चालू राहिलं. ते ओस पडलं 1840 ला, गावात साथ आली म्हणून. लोक मरोळला हलले आणि जाताना मूर्ती घेऊन गेले, खांबसुद्धा घेऊन गेले. मला खांबांचंच नवल वाटतं. घर बदलताना माणूस पंखे काढून नेतो, पण दगडी खांब? साथीतून जीव वाचवून पळणाऱ्या लोकांनी ते बैलगाडीत कसे चढवले असतील?

त्यानंतर मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. कारागिराची नजर आधी सांध्यावर जाते. दगड आपला नेहमीचा काळा कातळ, मध्ये चुना. कमानीचे दगड एकमेकांना रेटून धरतात, त्यामुळे डोक्यावर काही नसतानाही त्या उभ्या आहेत. छप्पर मात्र गेलंय. लाकडी वासे आणि वर कौलं असणार, तीही नळीची, कारण मंगळुरी कौलांचा कारखाना 1865 चा, हे देऊळ सोडल्यानंतरचा. नळीची कौलं दर पावसाळ्याआधी शाकारावी लागतात. आमच्या गावच्या घरी आजोबा मे महिन्यात वर चढायचे. दोन वर्षं कोणी चढलं नाही की पाणी वाशात, वासा कुजला की सगळं खाली. साथीने माणसं गेली, छप्पर पावसाने नेलं. आता भिंतींच्या फटींत मुळं घुसली आहेत. तीच मुळं भिंत फोडतात आणि तीच कुठे कुठे दगड आवळून धरतात, त्यामुळे उपटायची म्हटली तरी पंचाईत.

इथून जवळच महाकालीची लेणी आहेत, बौद्धांची, याहून हजारेक वर्षं तरी जुनी. ती डोंगर खोदूनच केलेली, तिथे शाकारायची भानगडच नाही.

सीप्झ आलं 1973 ला आणि देऊळ कुंपणाच्या आत गेलं. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, मरोळची मंडळी आत येऊन मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करतात. "पावन्यासारखं येतो आमच्याच घरी," आंटी हसत म्हणाल्या. हसणं पूर्ण खरं नव्हतं.

आमच्या युनिटमध्ये सुट्टी झाली की टेबलावरचा सोन्याचा कीस ब्रशने गोळा करतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात सोडत नाहीत, ते साठवून त्यातलं सोनं काढतात. खिडकीतून बुरूज दिसतो. परवाच्या पावसात त्याचा पोपडा पडलेला दिसला, भाकरीएवढा असेल, खाली गवतात पांढरा.

मी आंटींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूचा?"

मला सांगता येईना. त्या उठल्या आणि स्वतःच खिडकीशी गेल्या.