मॉरिशसचं घर आणि माझी दोन नावं

"मॅडम, घर सरांच्या नावावर घ्या, पैसे दोघांच्या लिमिटमधून पाठवू. काही अडचण नाही." बँकेतल्या मुलानं पहिल्याच दिवशी हे सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. त्या एका वाक्यापायी साडेचार महिने गेले. परदेशात घर घ्यायचं मनात असेल तर बाकी वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा.

मॉरिशस का, असं सगळे विचारतात. तिथे मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही दोनदा राहून आलो होतो. पश्चिम किनाऱ्यावर तामारँला, मिठागरांपासून जवळच, बांधकाम चालू असलेला एक व्हिला पसंत पडला. किंमत ४,१०,००० डॉलर. परदेशी माणसाला तिथे वाटेल तो व्हिला घेता येत नाही, सहसा प्रॉपर्टी डेव्हलपमेंट स्कीमसारख्या सरकारमान्य योजनेतलाच घ्यावा लागतो. ३,७५,००० डॉलरच्या वरचं घेतलं, तर घर आपल्याकडे असेपर्यंत राहण्याचा परवानाही मिळतो. घर निवडणं, बुकिंग, तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाची मंजुरी, हे सगळं सुरळीत झालं.

अडलं ते आपल्याकडे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख, म्हणजे आमचं भागत होतं. पण मालमत्तेसाठी दोघांची मर्यादा एकत्र करायची तर दोघंही त्या मालमत्तेचे मालक असावे लागतात. हे त्या मुलाला माहीत नव्हतं. बुकिंगचा करार ह्यांच्या एकट्याच्या नावावर झाला. पहिला हप्ता ह्यांच्या खात्यातून गेला. दुसऱ्याच्या वेळी पैसे पाठवायचा माझा फॉर्म मुख्य शाखेतून परत आला. शेरा एका ओळीचा: अर्जदार सहमालक नाही.

मी शाखेत गेले. तो मुलगा म्हणाला, "मग मॅडम, तुमचे पैसे सरांना गिफ्ट करा. सरांचं उरलेलं लिमिट आत्ता वापरू, बाकीचे एक एप्रिलनंतर." हप्त्याची तारीख फेब्रुवारीतली, उशिराला व्याज. पण मला राग त्याचा आला नाही. सांगलीतली माझी पॅथॉलॉजी लॅब मी एकतीस वर्षं चालवली. पहाटे साडेपाचला जाऊन रक्ताचे नमुने गोळा केलेत. ती विकून आलेले पैसे होते ते. ते गिफ्ट करून, कागदावर कुठेही नसलेली बाई होऊन मला त्या घरात राहायचं नव्हतं. ह्यांनीही तिथल्या तिथे सांगितलं, "हिचं नाव लागल्याशिवाय पुढचा पैसा जाणार नाही."

करारात नाव घालायला बिल्डर तयार होता. बोर्डाकडे सुधारित अर्जही गेला. मग तिथल्या राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या नोटरीनं (तिथे खरेदीखत नोटरीच करतो) आम्हा दोघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला, कारण तिथल्या खरेदीखतात नवरा-बायकोमधली मालमत्तेची व्यवस्था लिहावी लागते. आणि खरी गाठ तिथे बसली.

माझं माहेरचं नाव शैलजा. १९८८ साली लग्नात ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीनं 'अनुराधा' लिहिलं. सासूबाईंनी पेढे वाटले आणि त्या दिवसापासून मी अनुराधा. पासपोर्ट, पॅन, बँकेचं खातं, सगळं अनुराधा. जन्मदाखला, डिग्री आणि नगरपालिकेचा हातानं लिहिलेला विवाह दाखला, सगळं शैलजा. नोटरीचा ईमेल अगदी सभ्य होता: दाखल्यावरील बाई आणि पासपोर्टवरील बाई एकच आहे याचा पुरावा पाठवावा.

पुरावा कुठून आणणार? आमच्या पिढीच्या किती बायकांकडे तो आहे? बँकेनं तेवढ्यात आपलंही शेपूट जोडलं: नोटरीचं समाधान होईपर्यंत आम्हीही फॉर्म घेणार नाही. शाखेत मी सहा वेळा गेले. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. एकानं तर माझ्यासमोर बसून ह्यांना फोन लावला, "सर, मॅडम आल्यात, काय करायचंय?" तो फोन मी अजून विसरलेले नाही.

शेवटी केलं ते असं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, एजंटला पैसे देऊ नका. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर केलं. मग सगळ्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का. भारत आणि मॉरिशस दोन्ही अपॉस्टिल मानतात, त्यामुळे दूतावासाची चक्कर वाचते. तुमचं नाव लग्नात बदललं असेल, तर परदेशात घर घ्या किंवा घेऊ नका, राजपत्र आजच करून ठेवा.

टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या आयकराचं, सांगायचं राहिलं. वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापते. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड हाताशी लागते. आणि कर्ज काढून हा पैसा पाठवता येत नाही. घर पाहतानाच विचारा की जमीन मालकीची आहे की सरकारी भाडेपट्ट्याची. किनाऱ्यालगतचा ८१ मीटरचा पट्टा तिथे बहुतेक सरकारी असतो, आणि वाळूचा किनारा सगळ्यांसाठी खुला असतो. दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात हे घर दाखवायला विसरू नका, त्याचा दंड मोठा आहे.

खरेदीखत फ्रेंचमध्ये होतं. नोटरीनं दुभाष्याला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. माझ्या ओळीवर मी त्यांना थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. आधी अनुराधा, आणि त्यापुढे जन्माचं नाव, शैलजा. तिथे बाईचं माहेरचं नाव खतात लिहायची पद्धतच आहे. मग प्रत्येक पानावर आद्याक्षरं करायची होती. पासपोर्टवर आहे तशीच सही करा, एवढंच त्यांनी सांगितलं. बावन्न पानं होती. ह्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "आधी तू."