नाथसागराच्या भिंतीवरून

आमच्या छत्रपती संभाजीनगरात जून लागला की घरोघरी एकच विचारणा सुरू होते, "किती टक्के?" कशाचे टक्के हे सांगावं लागत नाही. नाशिककडे पाऊस झाला, गोदावरीला पाणी आलं, पैठणच्या जायकवाडी धरणात, म्हणजे नाथसागरात, आवक सुरू झाली, की इथं एक थेंब न पडताही माणसं खुलतात. पण ज्या भिंतीनं हे पाणी अडवून धरलंय ती कशी आहे, असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ती भिंत जवळून बघायचीच म्हणून यंदा पावसाळ्याच्या तोंडावर पैठण गाठलं. सोबत मामा होते. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणांच्या देखभालीवर गेली. भिंतीवर जायला मनाई आहे, रीतसर परवानगी लागते. ती त्यांच्यामुळेच मिळाली.

नक्षत्रवाडी सोडली की जलवाहिन्यांची सोबत सुरू होते. सातशे मिलिमीटरची सर्वांत जुनी, नंतरची चौदाशेची आणि अलीकडच्या योजनेतली अडीच हजारांची. चितेगाव, फारोळ्याचं जलशुद्धीकरण केंद्र, बिडकीन, ढोरकीन. पन्नासेक किलोमीटरचा हा रस्ता म्हणजे आमच्या शहराची नाळच. जुनी वाहिनी फुटली की गल्लीगल्लीतली पाण्याची पाळी पुढे जाते, हे इथल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. जालना शहर, वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने, सगळे याच जलाशयावर. डावा कालवा पार परभणीकडे जातो आणि उजव्या कालव्यातून माजलगावच्या धरणाला पाणी मिळतं.

पैठण आलं तरी धरण दिसतंय हे लवकर कळत नाही. डोंगर नसलेल्या मुलखातलं हे धरण, त्यामुळे ते उंचीपेक्षा लांबीनंच मोठं. पायथ्याला उभं राहिलं की समोर मातीचा लांबच लांब उतार दिसतो. भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे आणि उंची ४१ मीटरच्या आसपास. मधे जादा पाणी सोडण्यासाठी दगडी बांधकामाचा सांडवा, त्यावर २७ दरवाजे. बाकी सारी माती. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. हे धरण मराठवाड्याला मिळावं म्हणून शंकरराव चव्हाणांनी जी धडपड केली, तिच्याविषयी माझे आजोबा फार आदरानं बोलत. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचाही विषय ते काढत आणि मग बराच वेळ गप्प बसत.

माथ्यावरून पाहिलं तर एका अंगाला पाणीच पाणी. उन्हाळ्यानं ओसरलेलं असूनही पलीकडचा काठ दिसत नव्हता. जलाशय भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. पसरट आणि उथळ असल्यानं बाष्पीभवनात पाणी भरपूर जातं आणि वारा सुटला की लाटाही मोठ्या उठतात. त्या लाटा पाण्याकडच्या उतारावरचं दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, उखडतात. एक दगड निसटला की त्याच्या खालची माती उघडी पडते. मामा चालता चालता तेच निरखत होते.

पण त्यांना खरी ओढ होती ती दुसऱ्या अंगाची, कोरड्या उताराच्या पायथ्याची. आम्ही खाली उतरलो. तिथं एका चरातून बारीक धारेनं पाणी वाहत होतं. माझ्या पोटात गोळा आला.

"मामा, हे तर गळायलंय!"

"गळणारच. मातीचं धरण हाय, पाझर असतोच," मामा शांतपणे म्हणाले. "पाझर बघून घाबरायचं नाही. रंग बघायचा. नितळ हाय ना? मग भिंत तिचं काम करायली. गढूळ आलं, की समजायचं आतली माती वाहून चालली. मग एक घटकासुद्धा थांबायचं नाही."

मग तिथंच एका दगडावर बसून त्यांनी मला मातीच्या धरणाची रचना समजावली. मधे काळ्या चिकण मातीचा गाभा, तो पाणी रोखतो. दोन्ही बाजूंनी मुरमाचं जाड आवरण, ते गाभ्याला आधार देतं. गाभ्यामागे वाळूची गाळणी, म्हणजे जे थोडं पाणी पाझरेल ते मातीचा कण सोबत न घेता बाहेर यावं. पायथ्याच्या चरात खाच पाडलेली पट्टी बसवतात. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं त्यावरून पाझर मोजतात आणि तो आकडा त्या दिवशीच्या पाणीपातळीशेजारी वहीत लिहितात. मामांच्या मते धरणाची तब्येत त्या वहीत असते. पातळी तेवढीच आणि पाझर मात्र गेल्या सालापेक्षा जास्त, असं दिसलं की शोध घ्यायलाच हवा. वय वाढतं तसं गाळणी चोंदते, मोजमापाची जुनी उपकरणं बंद पडतात, आणि ती नोंद ठेवणारी माणसं निवृत्त होतात. मामांना शेवटच्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटत होती.

उतारावरची झुडपं त्यांना खपत नाहीत. वेडी बाभूळ वेळीच उपटली नाही तर मुळं खोल जातात. पुढे ते झाड मेलं की मुळाच्या जागी पोकळी राहते आणि पाण्याला वाट मिळते. उंदीर, घोरपडी यांची बिळंही तशीच. हे सगळं शोधायला लागतात ती फक्त पायी चालणारी माणसं आणि विळा-कोयता. दहा किलोमीटर भिंत रोज डोळ्यांखालून घालायची तर तेवढे मजूर, चौकीदार हवेतच. पदं रिकामी ठेवून धरण सांभाळता येत नाही, असं मला तिथं उभं राहून अगदी मनापासून वाटलं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. दुष्काळाचाही भिंतीला धोका असतो. आपल्याकडे साठा मृतसाठ्यात जातो, म्हणजे इतका खाली की पाणी पंपानंच उपसावं लागतं, तेव्हा सगळं लक्ष पंपांवर असतं. जायकवाडीची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यातले २६ टीएमसी मृतसाठा. दुष्काळाच्या सालात आमचं शहर त्यावरच तगलं आहे. पण काळी माती सुकली की भेगाळते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. वरचा मुरूम तिला जपतो, तरी लागोपाठ कोरडी सालं गेली की मातीच्या धरणांच्या माथ्यावर भेगा दिसतात. त्या भरून घ्याव्या लागतात. मग एखाद्या वर्षी नाशिक-नगरची धरणं भरून पाणी धडाक्यात येतं आणि चार-आठ दिवसांत भिंतीवरचा भार वाढतो. ज्या वर्षी आपण पाणी आलं म्हणून पेढे वाटतो, त्या वर्षी पायथ्याशी सर्वांत जास्त डोळे हवेत.

दरवाज्यांपाशी थोडाच वेळ थांबलो. रबरी सील, लोखंडी दोर, गिअरला ग्रीस, वीज गेली तर जनरेटर. यातलं सगळं नेमकं पुराच्या त्या एका रात्री चालायला हवं. ऑगस्ट २००६ मध्ये इथून सुमारे अडीच लाख क्युसेक (सेकंदाला अडीच लाख घनफूट) विसर्ग झाला होता आणि पैठणमध्ये पाणी शिरलं होतं. त्या रात्रीच्या आठवणी पैठणच्या चहाच्या टपरीवर आजही विचारल्याबरोबर निघतात.

परतीच्या आधी आपेगावला गेलो, ज्ञानेश्वर माउलींचं जन्मगाव, धरणाच्या खाली, गोदाकाठी. मंदिराच्या ओट्यावर एक आजी भेटल्या. त्यांना विचारलं, पाणी सोडायचं असलं की कळतं का?

"कळतं की. नदीतल्या मोटारी काढा म्हणून सांगतेत."

"आणि पाणी गावात यायची वेळ आली तर कुठं जायचं, ते कुणी सांगितलंय?"

"ते कोण सांगायलंय बाई. गेल्या बारीला गेलतो तिथंच जायचं."

मला हे उत्तर रस्ताभर छळत राहिलं. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटलं, जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे फुटलं. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधी केली होती. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन आणि खालच्या गावांसाठी आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळं त्यात बंधनकारक आहे. जायकवाडी उद्या ढासळेल असं मी मुळीच म्हणत नाही. मी पाहिलेलं पाझराचं पाणी नितळ होतं. पण पन्नाशीला पोचलेल्या धरणाची काळजी पाणी पिणाऱ्यांनीही घ्यायला हवी, आणि त्यासाठी माहिती हवी.

घरी आल्यावर मामांना समोर बसवून माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहिला. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत कोणत्या त्रुटी नोंदवल्या आणि त्यातल्या किती दूर झाल्या? पाझराच्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी पाहायला मिळतील का? देखभालीची मंजूर पदं किती, भरलेली किती? चौथा प्रश्न मामांनी स्वतः सांगितला: आपत्कालीन आराखड्याची मराठी प्रत आपेगावच्या ग्रामपंचायतीत लावली आहे का, आणि नसेल तर कधी लावणार?