व्हॅल्युअर यायच्या आधी

मुलुंड पूर्वेचा बाबांचा वन बीएचके विकायचं ठरलं आणि गिऱ्हाईक मिळालं ते बँकेचं कर्ज काढणारं. टोकन झालं. आता बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येणार म्हटल्यावर बाबा म्हणाले, "निदान हॉलला तरी नवा रंग लावून घेऊ या का गं?"

माझ्या नोकरीत मालमत्तांचे व्हॅल्युएशन रिपोर्ट सतत नजरेखालून जातात, त्यामुळे मी त्यांना थांबवलं. छताला ओल असेल, प्लास्टर फुगलं असेल, सळई उघडी पडली असेल तर त्याची नोंद होते. ताज्या रंगाची फारशी कुणी दखल घेत नाही. काम अडतं ते कागदावरचं घर आणि समोरचं घर जुळत नाही तेव्हा.

आता कर्ज दुसऱ्याचं, मग विकणाऱ्याने कशाला धावपळ करायची? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देता येतं, आणि बँका सौद्याची किंमत व व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरतात. समजा सौदा १ कोटी १० लाखांचा आणि व्हॅल्युएशन आलं १ कोटी २ लाख. कर्ज साडेब्याऐंशी लाखांवरून साडेशहात्तर लाखांवर येतं. वरचे सहा लाख खरेदीदाराने ऐन वेळी कुठून आणायचे? मग तो भाव पाडायला बसतो, नाहीतर टोकन परत मागतो.

मी बाबांची फाईल काढली. मूळ करार, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेच्या टॅक्सचं बिल, मेंटेनन्सची पावती, वीजबिल. ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि मंजूर नकाशाची प्रत सोसायटीच्या कपाटात होती.

खरा घोळ पत्त्यात होता. १९८६ च्या करारात 'बिल्डिंग नं. २, फ्लॅट नं. ७, पहिला मजला'. पुढे सोसायटी रजिस्टर झाली, तिला देवाचं नाव मिळालं, इमारतींच्या ए आणि बी विंग झाल्या, आणि आमच्या दारावर बी-१०३ लागलं. शेअर सर्टिफिकेटवर बी-१०३, वीजबिलावर नुसतंच १०३, आणि करारातल्या रस्त्याचं नावही मधल्या काळात बदललेलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण 'हाच तो फ्लॅट' असं ज्याला सहीनिशी लिहून द्यायचंय त्याने काय करायचं? मी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं: करारातला फ्लॅट नं. ७ आणि आजचा बी-१०३ एकच, सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक) अमुक. सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, एवढं कशाला? सगळ्यांना माहितीये."

"काका, बँकेला नाही ना माहीत."

हसले आणि शिक्का मारून दिला.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. एजंट सगळ्यांना ६५० फूट सांगत फिरत होता. करारात होते ५४५ चौरस फूट, बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. जुन्या फ्लॅटचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, काढताना बिल्टअपला सहसा १.२ ने भागतात, म्हणजे साधारण ४५४. मी टेपने मापलं तर जवळपास तेवढंच भरलं. बाल्कनी आम्ही फार पूर्वी हॉलमध्ये घेतली होती. ती मंजूर नकाशात बंद दाखवलेली आहे का, हे आधी पाहून ठेवलं. होती. नकाशात नसलेली वाढीव जागा व्हॅल्युअर धरत नाही, उलट शेरा मारतो. एजंटचे ६५० कुठून आले, ते त्यालाच ठाऊक.

इमारत तिशी ओलांडलेली असली की स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागतात. मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३-बी कलमाखाली तो सोसायटीने करून घ्यायचाच असतो. आमच्याकडे होता, किरकोळ दुरुस्तीच्या सी-३ वर्गातला. आरसीसी इमारतीचं आयुष्य ढोबळमानाने ६० वर्षं धरतात, त्यातून झालेली वर्षं वजा केली की उरतं ते शिल्लक आयुष्य, आणि बँक कर्जाची मुदत त्यात बसते का पाहते. दुरुस्तीची बिलंही मी जोडली.

आमच्याच सोसायटीतला एक फ्लॅट नुकताच विकला गेला होता. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याचा इंडेक्स टू मिळाला, तोही फाईलमध्ये घातला. संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत लोक मनाला येईल तो भाव टाकतात. नोंदलेल्या व्यवहाराला वजन असतं. मात्र "एवढा आकडा काढा" असं मी कुणाला म्हटलं नाही आणि बाबांनाही म्हणू दिलं नाही. व्हॅल्युअर बँकेच्या पॅनेलवरचा. आपण आकड्यासाठी मागे लागलो की त्याला संशयच येणार.

आदल्या दिवशी वॉचमनला नाव सांगून ठेवलं, नाहीतर आमच्याकडे गेटवरच माणूस ताटकळतो. मीटर रूम आणि गच्चीची किल्ली आणून ठेवली. आला तो तरुण इंजिनिअर. लेझरने खोल्या मापल्या, सोसायटीची पाटी, दाराचा नंबर, स्वयंपाकघर, बाथरूम, मीटर, सगळ्यांचे फोटो घेतले. चतुःसीमा विचारल्या, उत्तरेला काय, दक्षिणेला काय, हे बाबांनी घडाघडा सांगितलं. पुनर्विकासाचा ठराव झालाय का, असंही विचारलं. झालेला नव्हता. चहा नको म्हणाला, पुढे भांडुपला जायचं होतं.

नंतर त्याचा फोन आला तो फक्त पार्किंगसाठी. एजंटने खरेदीदाराला 'विथ पार्किंग' सांगून ठेवलं होतं. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. जागावाटप सोसायटीच्या हातात. बाबांच्या नावावर वाटप नव्हतंच, स्कूटर मोकळ्या जागी लावायचे. मी तसंच सांगितलं आणि खरेदीदारालाही कळवलं. तो थोडा नाराज झाला, पण तो राग एजंटवर निघाला.

व्हॅल्युएशन सौद्यापेक्षा किंचित कमी आलं. कर्ज खरेदीदाराने मुळातच बेताचं मागितलं होतं, म्हणून अडलं नाही. कागदांचे स्कॅन मी त्याच्या वकिलालाही पाठवले, टायटल सर्चला, म्हणजे मालकी तपासायला, तेच लागतात. आता सोसायटीची एनओसी तेवढी राहिली आहे, ती कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये येईल.