घोडे यायच्या आधी आम्ही दोघं

घोडे पाळायचे हे माझं लग्नाच्या कितीतरी आधीपासून ठरलेलं होतं आणि नवऱ्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. तो घोड्यांमध्ये वाढलेला नाही. मी मात्र बरीच वर्षं दुसऱ्यांच्या तबेल्यात खरारा केला, लीद उचलली, पोट दुखणाऱ्या घोड्यापाशी रात्र रात्र जागले. त्यामुळे घराभोवतीच्या जमिनीवर घोडे आणायचं नक्की झालं तेव्हा कामाची वाटणी आपसूक झाली. घोड्याला काय लागतं ते मी सांगायचं आणि ते जमिनीवर कसं उभं करायचं ते त्याने बघायचं.

मी काही सांगितलं की तो विचारायचा, "हा नियम आहे की तुमच्या तबेल्यातली सवय?" सुरुवातीला मला याचा राग यायचा. पण त्या प्रश्नामुळे मला प्रत्येक गोष्टीचं कारण घोड्यापर्यंत नेऊन सांगावं लागलं आणि एकदा कारण पटलं की तो माझ्यापेक्षा कडक व्हायचा. हळूहळू आमचे सगळे वाद एका प्रश्नावर येऊन मिटू लागले: घोडा इथे उभा असेल, तेव्हा तो काय करेल?

सगळ्यात जास्त डोकं पाण्याने खाल्लं. पिण्याच्या नाही, पावसाच्या. तबेल्यासाठी आमच्याकडे दोन जागा होत्या. एक घराजवळची, सपाट पण सखल; दुसरी उंचवट्यावर, वारा खेळणारी पण लांब. मला जवळची हवी होती, कारण आजारी घोड्याकडे रात्री किती वेळा जावं लागतं ते मी पाहिलंय. तो काहीच बोलला नाही. जोराचा पाऊस सुरू झाला तेव्हा छत्री घेऊन बाहेर गेला आणि पाणी जिथून वाहत होतं, जिथे साचत होतं, तिथे खुंट्या ठोकून आला. पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं त्या खुंट्यांच्या कडेने चाललो. सखल जागेला तिन्ही बाजूंनी पाणी येत होतं.

चिखल ही घोड्यासाठी नुसती घाण नसते. साधारण 500 किलोचं वजन चार खुरांवर पेलणारं जनावर सतत ओल्यात उभं राहिलं की खुराचा तळ कुजायला लागतो, घोट्याजवळची कातडी फुटते आणि मारलेले नाल चिखलात ओढून निघतात. शेवटी तबेला उंचवट्यावर गेला आणि माझ्या काळजीपोटी घरापासून तिथपर्यंत खडी टाकलेली पायवाट आणि दिवे आले. दोघांचंही राहिलं.

छपराचं गणित त्याने मांडलं ते मला फार आवडलं. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. म्हणजे 60 चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 3,000 लिटर, आणि ते सगळं ठाणांच्या, म्हणजे घोड्यांच्या स्वतंत्र कप्प्यांच्या, दाराशीच सांडणार. म्हणून छपराला आधी पन्हाळी लागल्या, बाकीचं काम नंतर. फाटक, पाण्याची टाकी, तबेल्याचं तोंड, जिथे घोडे दिवसभर घुटमळतात, तिथली वरची मऊ माती काढून खाली पाणी झिरपू देणारं पण खडी-माती वेगळी ठेवणारं जाड जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, त्यावर मोठी खडी, वर बारीक कच. कापड घातलं नाही तर खडी दोनेक पावसाळ्यांत मातीत गडप होते. शिवाय एक तुकडा कायमचा गवताशिवाय ठेवला. जमीन ओली असेल तेव्हा घोडे त्या कोरड्या आवारात राहणार, म्हणजे कुरण वाचतं. एवढी चांगली जमीन गवताशिवाय ठेवायची हे नवऱ्याच्या जिवावर आलं होतं. पण ओल्या कुरणात घोडे फिरले तर काही दिवसांत सगळंच कुरण उघडं पडतं, हे लक्षात आल्यावर त्यानेच ते आवार आखलं.

कुंपणावरून आमचं खरं भांडण झालं. जमिनीला आधीपासून काटेरी तार होती, ताणलेली, भक्कम. ती काढून टाकायची म्हणजे त्याला धडधडीत नासाडी वाटत होती. मी त्याला सांगितलं की घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. दचकला की आधी धावतो, मग बघतो. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि थेट पाठीमागचं नाही. बारीक तार त्याला वेगात दिसतच नाही. आणि पाय अडकला की तो थांबत नाही, जोर लावून ओढतो. काटेरी तारेने हाडापर्यंत चिरलेला पाय मी धुतलेला आहे. हे सांगताना माझा आवाज चढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पक्कड घेऊन तार कापत होता.

नवं कुंपण लाकडी खांब आणि आडव्या फळ्यांचं केलं, सुमारे 5 फूट उंच, वर विजेच्या कुंपणाची पांढरी रुंद पट्टी. ती लांबूनही दिसते. खांबाचा एक तृतीयांश भाग जमिनीत. फळ्या खांबांच्या आतल्या अंगाला ठोकायच्या, यावर तो अडला, कारण बाहेरून ठोकलेल्या जास्त देखण्या दिसतात. पण घोडा कुंपणाला अंग घासतो, छाती टेकवून पलीकडच्या गवताला मान लांबवतो. फळी बाहेर असेल तर त्याच्या वजनाने खिळे उपटतात. आत असेल तर तीच फळी खांबावर रेटली जाते. कोपरेही काटकोनात न ठेवता गोलसर वळवले. दोन घोड्यांत एक वरचढ असतोच आणि तो दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो. निसटायला वाट हवी. फाटक 12 फुटी, म्हणजे ट्रॅक्टर आणि वैरणीची गाडी आत येते. कडी अशी निवडली की घोड्याच्या ओठांना ती उचलता येणार नाही, कारण त्या ओठांना बरंच काही जमतं.

खड्डे खणण्याचे दिवस जड गेले. तो पहार मारायचा, मी माती उपसायची. तिसऱ्या प्रहरी बोलणं संपायचं आणि कुरबुर सुरू व्हायची. तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आणि शेवटपर्यंत पाळल्या. दमलेलं असताना कुठलाच निर्णय घ्यायचा नाही, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ घोड्यांचा विषय काढायचा नाही. दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा अवघड होती. पण त्या संध्याकाळींमुळेच आम्ही एकमेकांचे मुकादम झालो नाही.

कुंपण झालं तशी खिळ्यांची काळजी सुरू झाली. धनुर्वाताला घोड्याइतकं सहज बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं क्वचितच असेल. लस द्यायचीच, पण खुरात खिळा घुसणं हे त्याशिवायही मोठं संकट आहे. नवऱ्याने एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि रोज काम संपल्यावर आम्ही ते जमिनीवरून ओढत पूर्ण आवारात चालायचो. आधीच्या कुणाच्या काळातले गंजके खिळे, तारेचे तुकडे, कुठल्याशा यंत्राचा बोल्ट असं काय काय चिकटून यायचं. या सगळ्या तयारीतला माझा सर्वात आवडता वेळ तोच. हातात जड काही नसायचं आणि पावलं सारखी पडायची.

ठाणं 12 बाय 12 फुटांची केली. ती किती बंदिस्त असावीत यावर पुन्हा मतभेद. त्याला वाटायचं, वारा-थंडी आत येऊ नये म्हणून भिंती छपरापर्यंत न्याव्यात. मी उलट सांगत होते. कोरडा आणि झोताच्या वाऱ्यापासून आडोशाला असलेला निरोगी घोडा थंडी छान सोसतो. कोंडलेली हवा मात्र त्याला बाधते. मुतातून सुटणारा अमोनिया आणि वैरणीची धूळ फुफ्फुसं खराब करतात. मी त्याला माझ्या जुन्या तबेल्यातल्या एका बंद ठाणात नेलं आणि घोडा आडवा होतो त्या उंचीवर बसायला सांगितलं. तो थोड्याच वेळात डोळे पुसत बाहेर आला. आमच्या भिंती वरच्या बाजूला उघड्या राहिल्या आणि छपराच्या कण्याला हवेची फट ठेवली. जमिनीला दाबलेल्या कचेवर रबरी मॅट. वायरी सगळ्या पाइपातून नेल्या, उंदरांमुळे आणि घोड्यांच्या दातांमुळेही.

वैरण तबेल्याच्या माळ्यावर रचायची सोय होती, पण आम्ही तिच्यासाठी वेगळी शेड उभारली. पुरतं न वाळलेलं गवत गंजीत घट्ट रचलं की आतून तापत जातं आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, आपोआप पेट घेऊ शकतं. हे ऐकल्यावर नवऱ्याने एक शब्दही न बोलता शेडची जागा तबेल्यापासून आणखी लांब सरकवली.

एक गोष्ट मला त्याला सांगवत नव्हती. घराच्या बाजूला कण्हेरीची रांग होती, सासूबाईंनी लावलेली. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, सगळंच विषारी. थोडी पानंही घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात. आणि वाळलेली पानं जास्त धोक्याची, कारण हिरव्या पानाची कडवट चव घोडा टाळतो पण वैरणीत मिसळलेलं वाळकं पान तो खाऊन टाकतो. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलं ते बाहेर टाकता येत नाही. मी एरंड, धोतरा, घाणेरी आधी उपटली आणि कण्हेरीपाशी थांबले. शेवटी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, कुंपण आणखी मागे घेतलं तर? मी म्हटलं, पानं वाऱ्याने उडतात. तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग हातमोजे घालून एकेक झाड त्याने स्वतः मुळासकट काढलं. जाळलं नाही, कारण तो धूरही विषारी असतो. मी मदतीला गेले तर म्हणाला, "हे मला एकट्याला करू दे." ती जागा आम्ही अजून रिकामी ठेवली आहे.

घोडे किती, यावर तो एक म्हणत होता. मी दोनच्या खाली यायला तयार नव्हते. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावं लागतं, आणि आपल्यातलं कुणीतरी पहाऱ्याला आहे असं वाटल्याशिवाय तो सहसा निवांत आडवा होत नाही. एकटा ठेवलेला घोडा आतून झिजतो. याच बोलण्यात आयुष्यमानाचा विषय निघाला. घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. आपल्यापैकी कुणी एक नसेल, किंवा कुणाला वाकता येणार नाही, तेव्हा काय? हे आम्ही लिहून काढलं. कोण सांभाळणार, पैसे कुठून येणार, कुठल्या दुखण्यात घोड्याला किती ताणायचं आणि कधी सोडवायचं, सगळं. लग्नात आम्ही एकमेकांशी इतकं उघड क्वचितच बोललो होतो.

लिदेचं काम त्याने स्वतःकडे घेतलं आणि त्यात तो रमला. एक मोठा घोडा दिवसाला 20 किलोच्या पुढेच लीद टाकतो. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला त्याने तीन कप्पे बांधले. एक भरायचा, एक कुजणारा, एक तयार खताचा. ढिगाच्या आतलं तापमान 55 ते 60 अंश सेल्सियसवर काही दिवस टिकलं की जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं. लांब दांड्याचा तापमापक खुपसून तो रोज आकडा वहीत लिहायचा. आधी पालापाचोळ्यावरच सराव केला.

मग घोडी आली, तांबूस, वयाने ऐन भरातली, आणि तिच्यासोबत एक म्हातारं शांत तट्टू. दोघं एकाच ठिकाणाहून, एकमेकांच्या ओळखीचे. तिथलीच वैरणही आम्ही बरोबर आणली होती आणि आठ-दहा दिवसांत थोडी थोडी करत आमची मिसळली, कारण एकदम चारा बदलला की आतड्यातले जिवाणू मरतात आणि पोटदुखी होते. उजाडल्यावर दोघांना दोरीला धरून कुंपणाच्या कडेकडेने आतून फिरवलं, सगळीकडची पट्टी दाखवली, मगच मोकळं सोडलं. घोडी पाठीमागे शेपटी उभारून धावली, गोल कोपऱ्यातून वळली आणि तट्टाजवळ येऊन थांबली. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तो सोडवायला मला बोटं उचलावी लागली.

आता सकाळचा दाणा-वैरण माझ्याकडे, रात्रीची फेरी त्याच्याकडे. पाणी कोण किती प्यायलं हे तोच बघतो. मोठ्या घोड्याला दिवसाला 25 ते 45 लिटर लागतं आणि ते एकदम घटलं तर पोटाची काळजी करायची, हे त्याला सांगावं लागत नाही. नालबंद दीड-दोन महिन्यांनी येतो तेव्हा तट्टाचे पाय धरायला तो उभा राहतो. कुरणाचे चार भाग पाडायचं काम बाकी आहे. गवत 3-4 इंचांवर आलं की घोडे पुढच्या भागात हलवायचे, एवढं ठरलंय. दुभाजक पट्टी कुठून न्यायची यावर मात्र तो नकाशा घेऊन बसलाय, आणि मला तट्टाची सावली त्या बाजूला हवी आहे.